झाडांचे खत

आमच्या लहानपणी घरी पुडके आले, की ते कोणी पाठविले हे उघडण्यापूर्वीच ठाऊक असे. मुंबईच्या मावशीचे असेल, तर सुतळीला इतक्या गाठी मारलेल्या असत, की आई विळी घेऊनच बसे. आता पुडके येते ते खाकी खोक्यात. त्यावर काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला असतो, आणि पाठविणारा कोण हे पुष्कळदा खोके उघडल्यानंतरही कळत नाही. आमच्या राळेगणसिद्धीलाही ही खोकी येतात. वाडेगव्हाणच्या फाट्यावरून एक मुलगा पाठीवर भलीमोठी थैली लटकावून मोटारसायकलवर येतो, नाव विचारतो, आणि फोनवर आलेला आकडा ऐकून घेऊन पुडके हाती ठेवतो. त्या मुलाबद्दल माझी काही तक्रार नाही. परंतु त्याची मोटारसायकल दाराशी थांबली, की आमच्या घरात क्षणभर सगळे गप्प होतात. त्याला कारण आहे, आणि तेच आज सांगायचे आहे.

गोष्ट २०१४ सालच्या दिवाळीची. आक्का भाऊबिजेला आली होती आणि तिच्याबरोबर माझा भाचा आला होता. मुंबईला वसतिगृहात राहून तो इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षात शिकत होता. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला तो पहिलाच. माझे स्वतःचे शिक्षण तेवढ्यावरच थांबले. पुढे मी मास्तर झालो, दोन-तीन कादंबऱ्या लिहिल्या. तरी इंग्रजी लांब शब्द समोर आला, की अजूनही माझा हात नकळत टोपी सावरतो. भाच्याचा आम्हां सर्वांना अभिमान होता, आणि अभिमानाने माणसाची दृष्टी अधू होते.

पोरगा फार वाळला होता. आईने केलेल्या चकल्यांना त्याने हात लावला नाही. रात्री दोन वाजता मी पाणी प्यायला उठलो, तर तो पडवीत येरझारा घालीत होता. सकाळी नाकातून रक्त आले, तेव्हा "उन्हाचा त्रास" म्हणाला. कार्तिक लागलेला, पहाटे अंगावर घोंगडी घ्यावी लागत होती. तरी मी ते खरे मानले.

पाडव्याच्या दिवशी आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसले होते. भाच्याच्या पिशवीतून एक चकचकीत पुडी खाली पडली. आबांनी ती उचलून माझ्याकडे दिली. "काय लिवलंय बघ रं." मी वाचले. इंग्रजीत लिहिले होते : झाडांचे खत. खाली बारीक अक्षरांत : माणसाने खाण्यासाठी नाही. आत मिठासारखी पांढरी बारीक भुकटी होती.

आबा जन्माचे शेतकरी. त्यांनी पुडी तळहातावर तोलली आणि नातवाला विचारले, "एवढुसं खत? किती एकराला पुरतं हे?"

भाचा मोठ्याने हसला. आम्हीही हसलो. मग तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, हे खत-बित काही नाही. अभ्यासाला जागायला मुलं घेतात. मित्राने इंटरनेटवरून मागवलंय. पण घाबरू नका, हे बेकायदा नाही. तुम्ही कायदा उघडून बघा, यादीत याचं नाव नाही."

त्याने एक रासायनिक नाव सांगितले. ते माझ्या कानातून आत गेले नाही. मी एवढेच विचारले, "नक्की बेकायदा नाही ना?" तो म्हणाला, "नाही." आणि मी पुडी त्याला परत दिली. या लेखात मला कबूल करण्यासारखे जे आहे, ते हेच. मी दुसरा प्रश्न विचारलाच नाही.

आणि खरे सांगायचे, तर पोरगा खोटे बोलत नव्हता. ते द्रव्य मेफेड्रोन होते. मुंबईत त्याला एमडी किंवा "म्याऊ म्याऊ" म्हणत. १९८५ सालचा आपला अमली पदार्थांचा कायदा पदार्थांच्या यादीवर चालतो. गांजा, चरस, अफू, हेरॉईन, कोकेन अशी नावे त्यात आहेत. २०१४ च्या दिवाळीत मेफेड्रोनचे नाव नव्हते. पोलिसांनी पुडी पकडली, तरी त्या कायद्याखाली धरता येत नसे. मी रोज वर्गात हजेरी घेतो. हजेरीपटावर ज्याचे नाव नाही, असा एखादा पोर मागच्या बाकावर बसून सगळ्या वर्गाला छळीत असला, तरी पटाप्रमाणे तो वर्गात नसतोच! तसा हा प्रकार होता.

हे द्रव्य काही नवे नव्हते. १९२९ सालीच ते एका रसायनशास्त्रज्ञाने तयार केले होते. मग ते कागदांत पडून राहिले. येमेन आणि इथिओपिया या देशांत खात नावाच्या झुडपाची पाने लोक चघळतात. त्या पानांतल्या तरतरी आणणाऱ्या द्रव्याचाच हा कारखान्यात केलेला भाऊबंद. या शतकाच्या आरंभी कोणीतरी जुना कागद उलगडला, आणि थोड्याच वर्षांत ते युरोपात इंटरनेटवरून विकले जाऊ लागले : कधी झाडांचे खत म्हणून, कधी अंघोळीचे क्षार म्हणून. "माणसाने खाण्यासाठी नाही" ही ओळ विकत घेणाऱ्याच्या काळजीपोटी छापलेली नव्हती. विकणाऱ्याची मान सोडविण्यासाठी होती. ब्रिटनने २०१० च्या एप्रिलमध्ये त्यावर बंदी घातली. लगेच दुसऱ्या नावाच्या "कायदेशीर" पुड्या बाजारात आल्या. त्यांतल्या काही तपासल्या, तेव्हा पुष्कळांत तेच जुने, बंदी आलेले द्रव्य निघाले. म्हणजे गिऱ्हाईक कायदेशीर म्हणून पैसे मोजीत होते आणि गुन्हा घरी नेत होते! शेवटी २०१६ साली त्या देशाने यादीचा नाद सोडला आणि मनावर परिणाम करणारे जे जे विकाल ते ते गुन्हा, असा कायदा केला. चहा, कॉफी, तंबाखू आणि दारू मात्र त्यातून वगळली. आमच्या गावच्या माणसाला शेवटची दोन नावे वाचून हसू येईल.

मी कादंबरीकार. माझ्या एका कादंबरीत विष विकणारा माणूस आहे. त्याला मी घारे डोळे दिले आहेत, गालावर व्रण दिला आहे, आणि तो बोलतो तेव्हा वाचकाच्या अंगावर काटा यावा अशी खटपट केली आहे. प्रत्यक्षात माझ्या घरात विष आले ते असे : चकचकीत पुडीत, सुबक छापील अक्षरांत, आणि माझ्या लाडक्या भाच्याच्या हसऱ्या तोंडून. घारे डोळे कुठेच नव्हते.

जानेवारीत रात्री वसतिगृहातून फोन आला. भाचा चार दिवस झोपला नव्हता. दाराबाहेर माणसे उभी आहेत, ती आपल्याला न्यायला आली आहेत, असे म्हणत त्याने खोलीला आतून टेबल लावले होते. मुलांनी दार फोडून त्याला रुग्णालयात नेले. मी आणि दाजी पहाटे पोहोचलो, तेव्हा त्याची छाती लोहाराच्या भात्यासारखी हलत होती. बोटांची टोके निळसर, थंड. दात एकमेकांवर इतके घासले होते, की ओठ आतून सोलले होते. त्याने मला ओळखले नाही. माझ्याकडे पाहून तो भिंतीला चिकटला.

डॉक्टर तरुण होते, धावपळ करीत होते. त्यांनी विचारले, "काय घेतलंय याने?" मित्र खाली बघू लागले. लघवीची तपासणी नेहमीच्या अमली द्रव्यांसाठी केली होती. तीत काही निघाले नव्हते. त्या तपासणीच्या यादीतही या पाहुण्याचे नाव नव्हते! मी म्हणालो, "झाडांचे खत." डॉक्टरांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की मी मेल्याहून मेलो. मग एका मित्राने हळूच ते इंग्रजी नाव सांगितले.

पुढे त्यांनी समजावले ते माझ्या मॅट्रिकच्या बुद्धीलाही कळले. हेरॉईनच्या अतिसेवनावर उतारा असतो. त्याचे इंजेक्शन देता येते. या द्रव्यावर तसा उतारा नाही. हृदयाची धडधड, चढलेला रक्तदाब, अंगाची काहिली यांना एकेक करून आवरायचे, मन शांत करणारे औषध द्यायचे आणि वाट पाहायची. आणि सर्वांत वाईट म्हणजे, पुडीत नक्की किती आहे आणि त्यात आणखी काय मिसळले आहे, हे घेणाऱ्याला ठाऊक नसते, विकणाऱ्यालाही नसते. "परवा एवढ्याने काही झाले नाही" हा हिशेब आजच्या पुडीला लागू पडत नाही. नशा लवकर उतरते, म्हणून हात लगेच पुन्हा पुडीकडे जातो; एका रात्रीत पाच-सहा वेळा जातो.

पोरगा वाचला. रुग्णालयातून त्याला एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवले. तो तिथे असतानाच, ५ फेब्रुवारी २०१५ रोजी, केंद्र सरकारने मेफेड्रोनचे नाव कायद्याच्या यादीत घातले. वर्तमानपत्रात बातमी वाचली, तेव्हा मला बरे वाटले, आणि लगेच अंगावर शहारा आला. चार तारखेला जे नुसते पोरकट साहस होते, ते पाच तारखेला तुरुंगाचे कारण झाले होते. पदार्थ तोच, पुडी तीच, पोर तेच. आज या द्रव्याच्या दोन ग्रॅमपर्यंत बाळगले, तरी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पन्नास ग्रॅमच्या वर गेले, तर दहा ते वीस वर्षे, आणि जामीन मिळणे महाकठीण. मित्रासाठी पुडी नेऊन दिली, एवढ्यानेही माणूस विकणाऱ्याच्या रांगेत उभा राहू शकतो. "मला ठाऊक नव्हते" हे आरोपीलाच सिद्ध करून दाखवावे लागते.

मार्चच्या आरंभी भाच्याला आम्ही राळेगणला आणले. मुंबई नको, असे डॉक्टरच म्हणाले होते. दाजी फार संतापलेले होते. पहिल्याच संध्याकाळी ते ओट्यावर सर्वांदेखत म्हणाले, "या गावात दारुड्यांना खांबाला बांधत होते ना? मग बांधा याला!"

आमच्या गावाची ती गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून गावी परतले, तेव्हा इथे पाण्याचा दुष्काळ होता आणि हातभट्ट्यांचा सुकाळ. तीसेक भट्ट्या होत्या. यादवबाबांच्या मंदिराची लाकडेसुद्धा भट्टीखाली गेली होती, असे म्हातारी माणसे सांगतात. अण्णांनी आपल्या पैशाने मंदिर उभे केले, तरुणांना गोळा केले, आणि मंदिरात बसून गावाने दारूबंदी ठरविली. समजावूनही जो ऐकेना, त्याला मंदिरासमोर खांबाला बांधून फटके मारीत. पुढे एका होळीत गावातली विडी, सिगारेट, तंबाखू जाळली. तेव्हापासून गावच्या दुकानात या वस्तू विकत नाहीत. लक्षात घ्या, तंबाखू काही बेकायदा नव्हती, आजही नाही. गावाने कायद्याची यादी पाहिली नाही. गावाने दुसरा प्रश्न विचारला : हे आपल्या घराला चांगले आहे का? मी जो पाडव्याच्या दिवशी विचारायला विसरलो, तोच.

दाजींचे बोलणे ऐकून आबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "जावईबापू, मला बांधलं होतं."

आक्काने चमकून वर पाहिले. आम्हां भावंडांना हे कोणी कधी सांगितले नव्हते. आई आत चुलीपाशी होती. तिच्या हातातली फुंकणी थांबली.

"तीन वेळा सांगून बघितलं, मी ऐकलं नाही. मग बांधलं," आबा म्हणाले. "फटक्यांचं दुख चार दिवसांत गेलं. लाज गेली नाही. लाजेनं मी आणखी प्यालो असतो. शिरूरला जाऊन प्यालो असतो. पण पाचव्या दिवशी तीच पोरं दाराशी आली. म्हणाली, उद्या नाल्यावर बांध घालायचाय, माणसं कमी आहेत, येतोस का? मी गेलो. दिवसभर दगड वाहिले. रात्री अंग इतकं मोडलं, की झोप कधी लागली कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली बोलवायला. मी खांबानं सुटलो का दगडानं सुटलो, ते मला आजही सांगता यायचं नाही. पण बांधणारे पुष्कळ असतात. पाचव्या दिवशी बोलवायला येणारे थोडे. आणि दारूचा तोंडाला वास येतो, माणूस ओळखू येतो. ह्याला वासच नाही. बांधणार कुणाकुणाला?"

दाजी काही बोलले नाहीत. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मीही त्या फटक्यांचे समर्थन करणार नाही. मी मास्तर आहे आणि छडी मी कधीच सोडली आहे. परंतु याच गावाने पुढे नापास झालेल्या पोरांसाठी शाळा काढली. जिथे इतर शाळा गुणपत्रक पाहून दार लावतात, तिथे इथे दार उघडतात. गावाचे मोठेपण मला त्या खांबापेक्षा या दारात अधिक दिसते.

त्याच आठवड्यात होळी आली. मी गोवऱ्या काढायला माळ्यावर चढलो. भाचा शिडी धरून उभा होता. गोवऱ्यांच्या मागे हात घातला, तो हाताला चकचकीत कागद लागला. दिवाळीत त्याने लपवून ठेवलेली ती दुसरी पुडी होती. मी खाली पाहिले. त्याचा चेहरा गोवरीसारखा झाला होता.

"मला ठाऊक होतं ती तिथे आहे," तो म्हणाला. "केंद्रात होतो तेव्हा रोज रात्री आठवायची. पण मामा, मी वर चढलो नाही. तीन दिवस झाले इथे येऊन, चढलो नाही."

शिडीच्या वरच्या पायरीवर मी तसाच बसून राहिलो. माझ्या हातात आता खत नव्हते. एक वर्षाची कैद होती. घरात ती सापडली असती, तर आबांच्या घराला पोलिसांचे कुलूप लागले असते. शहाण्या माणसाने ती पुडी वकील गाठून पोलिसांकडे द्यावी, आणि माझे पाहून कोणी दुसरे काही करू नये. मी तेवढा शहाणा नव्हतो. संध्याकाळी गावाची होळी पेटली, तेव्हा भाच्याने गोवरीबरोबर ती पुडी आत टाकली. आबा शेजारी उभे होते. मी मनात म्हणत होतो, की ती शेतात पुरली असती, तर बरे झाले असते का? आबांनी जणू ऐकले. ते म्हणाले, "मातीत नको हे. माती खाते ते आपण खातो."

एवढ्याने सर्व झाले, असे लिहिण्याचा मोह कादंबरीकाराला होतो. तसे झाले नाही. होळीनंतर कित्येक आठवडे पोराला झोप येत नसे. जेवण कडू लागे, विनाकारण रडू येई. एप्रिलमध्ये एकदा तो कोणाला न सांगता फाट्यापर्यंत चालत गेला आणि पुण्याच्या गाडीत चढला. शिरूरला उतरून परत आला; का गेलो आणि का परतलो, हे त्यालाच सांगता आले नाही. केंद्रातले समुपदेशक म्हणाले, असे होते. रागावू नका, पुन्हा घेऊन या. आम्ही पुन्हा नेले. रात्री आबा त्याला घेऊन मळ्यात जात. विहिरीवर बसत, पाण्याची पाळी धरीत. दोघे फार बोलत नसत. सत्तरीला टेकलेला एक म्हातारा आणि विशीतला एक मुलगा, दोघांची झोप वेगवेगळ्या काळात एकाच चोराने नेली होती.

तो एक वर्ष मागे पडून पदवीधर झाला. आज सुप्याच्या कारखान्यात नोकरीला आहे, संसार आहे. हे सारे लिहू का, असे मी त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "नाव सोडून सगळं लिहा, मामा. मी 'यादीत नाही' म्हणालो होतो, तेही लिहा."

कारण ती मोटारसायकल अजून थांबलेली नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी भीमेपलीकडे, दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत छापा घातला, आणि एका रासायनिक कारखान्यातून शेकडो किलो मेफेड्रोन निघाले. एकेकाळी परदेशातून पुडीत येणारे आता आमच्या बाजूच्या जिल्ह्यात पिंपांनी तयार होत होते. यादीत नाव गेल्यामुळे विकणाऱ्याला धरता येते, हे खरे. आणि ते हवेच. परंतु यादी नेहमी एक पाऊल मागून चालते. रेणूचा एक कोपरा बदलला, की नवे नाव, नवी पुडी, आणि पुन्हा तेच आश्वासन : बेकायदा नाही. भूल देताना रक्तदाब उतरला, तर तो सावरण्यासाठी डॉक्टर वापरतात ते इंजेक्शन आज तालमीतली पोरे दंड फुगावेत म्हणून टोचून घेतात. "औषधच आहे, मामा," असे तीही आपल्या मामाला सांगत असतील.

म्हणून दिवाळीच्या फराळाला बसलेल्या आईबापांना दोनच गोष्टी सांगतो. मुलगा रात्री येरझारा घालीत असेल, चकलीला हात लावीत नसेल, तर त्याला कायद्याचा प्रश्न विचारू नका, "तू कसा आहेस?" हा विचारा. आणि उत्तर वाईट आले, तर बदनामीच्या भीतीने दार लावून घेऊ नका. आपण होऊन मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला जाऊन तो पुरा करणाऱ्या व्यसनी माणसावर, सेवनाच्या किंवा थोड्याशा साठ्याच्या गुन्ह्यासाठी खटला चालवू नये, अशी सोय याच कायद्यात आहे. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करीत आहे. १४४४६ या क्रमांकावर फोन केला, तर सरकारी मदतवाहिनीवर कोणीतरी बोलते. आमच्या पोराला हे आधी ठाऊक असते, तर तो दाराला टेबल लावण्यापूर्वीच आमच्याकडे आला असता, असे मला अजून वाटते.

परवाचीच गोष्ट. भाचा बायको-मुलीला घेऊन फराळाला आला होता. दाराशी मोटारसायकल थांबली. सवयीप्रमाणे सगळे गप्प झाले. खोके आत आले. आबांना आता नीट दिसत नाही, त्यांनी ते हातात घेऊन तोलले आणि मान वर न करता विचारले, "किती एकराला पुरतं?"

आईने पदर तोंडाला लावला. मी भाच्याकडे पाहिले. तो क्षणभर तसाच बसला. मग सर्वांत आधी तोच हसला. त्याच्या मुलीने खोके फाडले. आत तिचे दिवाळीचे लाल बूट होते. तिने ते घातले आणि साऱ्या ओट्यावर टाप टाप करीत नाचत सुटली.